वन्संचा डावा पाय

पहिल्या दिवशी गाडी नऊ वेळा बंद पडली. मी मुद्दाम मोजत नव्हते, पण मोजली गेली, कारण खाली अंगणात गाडी हिसका खाऊन गप्प झाली की वरच्या खोलीत काठीचा ठोका पडायचा. खाली हिसका, वर ठोका. आणि मी मधल्या जिन्यात, हातात ओल्या कपड्यांची बादली घेऊन उभी. खाली नणंद, वर नवरा आणि मध्ये मी. लग्न झाल्यापासून माझी जागा तीच आहे, त्यामुळे मला त्याचं काही नवल वाटलं नाही.

नणंदेला मी वन्सं म्हणते. औषधाच्या दुकानात माझ्याबरोबर काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुली त्याला हसतात. हसू देत. वन्सं ह्यांच्या धाकट्या बहीण, तेव्हा बावन्न वर्षांच्या. मागच्या गल्लीत एका खोलीत एकट्या राहायच्या, जेवायला आमच्याकडे यायच्या. लग्न केलं नाही. का नाही, हे मी एकदाच विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाल्या आणि ताट उचलून मोरीत ठेवलं. संपला विषय. त्या बाईच्या तोंडून शब्द काढायचा म्हणजे दगडातून पाणी काढायचं. माझं बरोबर उलटं. माझ्या जिभेला हाड नाही असं माझी आईच सांगायची, दुसऱ्या कुणाला सांगायची वेळ आली नाही.

वन्संचं काम गाड्यांच्या सीटा शिवायचं. एकतीस वर्षं एकाच कारखान्यात, एकाच मशीनवर, खिडकीपासून तिसऱ्या. चामडं, रेक्झिन, जाड कापड, जे पुढ्यात येईल ते. कारखान्यात सगळे त्यांना दाभण म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्यांनाही ते चालायचं. सरळ, जाड, आणि घुसली की आरपार. कुणाची शिवण वाकडी गेली तर त्या ओरडायच्या नाहीत. ती सीट मुकाट्याने ओढून घ्यायच्या, सगळी शिवण उसवायच्या आणि परत तिच्या पुढ्यात ठेवायच्या. नवीन आलेल्या पोरी ओरडणाऱ्या मालकाला भ्यायच्या नाहीत, पण त्या उसवण्याला भ्यायच्या.

आता गाडीचं. घराच्या तळमजल्यावर ह्यांचं लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. पन्नाशीला आल्यावर ह्यांना काय सुचलं कोण जाणे, एका भंगारवाल्याकडून मोडकी स्पोर्ट्स कार ओढून आणली. दोनच सीटा, बुटकी, रंग होता तिथे हिरवी आणि नव्हता तिथे गंजलेली. नऊ वर्षं हे त्या गाडीखाली होते. जेवण झालं की खाली. रविवार नाही, पाहुणारावळा नाही. मी तिला माझी सवत म्हणायचे. "जा, सवत वाट बघतेय," म्हटलं की हे हसत हसत जिना उतरायचे. सीटा अर्थात वन्संनी शिवल्या. नवव्या वर्षी गाडी सुरू झाली आणि ह्यांनी ती चार महिने चालवली. मग एका सकाळी दाढी करताना ह्यांच्या डाव्या हातातला आरसा खाली पडला. "फोडलात ना!" असं मी ओरडले आणि वळून बघते तर ह्यांचं तोंड वाकडं झालेलं.

डावी बाजू गेली. तोंड सरळ झालं, बोलणं परत आलं, हात निम्मा आला. डाव्या पायाचं पाऊल मात्र नुसतं लोंबत राहिलं. इस्पितळातल्या व्यायामाच्या बाईंनी स्पष्ट सांगितलं, पायात जे काही परत यायचं ते बहुतेक पहिल्या सहा महिन्यांत येतं, नंतर आशा कमी. त्यांचं केंद्र अकरा किलोमीटरवर. आठवड्यातून तीन दिवस आणा, म्हणाल्या, इस्पितळाची व्हॅन येईल न्यायला.

व्हॅन दोनदा आली. दोन्ही वेळा ह्यांनी पलंगाची कड सोडली नाही. "मी काय पोतं आहे चढवायला-उतरवायला?" टॅक्सी नको, शेजाऱ्यांची गाडी नको, कुणाचा हात नको. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचं. दोन महिने असे गेले. मग केंद्रातून फोन आला की एक तारखेपासून तुमची जागा धरून ठेवतोय. त्या दिवशी आला नाहीत तर ती दुसऱ्याला जाईल, पुढची चार महिन्यांनी. चार महिन्यांनी मिळालेल्या जागेचं मी काय लोणचं घालणार होते? सहा महिने तोवर सरलेले असणार. एक तारखेला पाच आठवडे उरले होते.

त्या संध्याकाळी मी बोलले, ओरडले, शेवटी रडले. सगळं पालथ्या घड्यावर पाणी. बऱ्याच वेळाने हे भिंतीशीच बोलल्यासारखे बोलले, "जाईन तर माझ्या गाडीतून. दुसऱ्या कशातून नाही."

काय पण शहाणपण! सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते काही उगाच नाही. ती गाडी ह्यांच्याशिवाय कुणालाच चालवता येत नव्हती. ह्यांच्या दोन दोस्तांनी हौसेने बसून बघितलं होतं, दोघेही अंगणाच्या बाहेर पोचले नव्हते. क्लच लोखंडासारखा कडक. त्यात आतली क्लच प्लेट शेवटची. ती बनवणारी कंपनी बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती, ही जळली की गाडी कायमची उभी. हे ह्यांना माहीत होतं, म्हणूनच तर अट घातली होती. जायचं नाही तर नाही म्हणा, अट कसली घालता!

वन्सं पाण्याचा जग घेऊन दारात उभ्या होत्या. "बरं," म्हणाल्या.

"काय बरं?" मी विचारलं.

"मी शिकते."

हे पहिल्यांदाच भिंतीकडून वळले. बहिणीकडे बघितलं आणि परत वळले.

वन्संना गाडी येत नव्हती असं नाही. शिवलेल्या सीटा पोचवायला कारखान्याची एक लहान व्हॅन होती, ती त्या चालवायच्या. पण ती बिनक्लचची. लायसन्सची परीक्षा त्यांनी फार पूर्वी क्लचच्या गाडीवर दिली होती, तीही चौथ्या खेपेला पास झाल्या होत्या, आणि त्या दिवसानंतर क्लचला पाय लावला नव्हता. त्यांचं म्हणणं, परीक्षा घेणाराच तेव्हा कंटाळला होता.

मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण त्या पाच आठवड्यांत एवढं कळलं. क्लच दाबला की इंजिनाची आणि चाकांची फारकत होते. सोडला की परत संसार सुरू. सोडायचा तो हळू, कारण मध्ये एक जागा असते, तिथे चाकं इंजिनाला धरतात. बाकीच्या गाड्यांत म्हणे ती जागा ऐसपैस असते. ह्यांच्या गाडीत ती बोटभर. त्याच्या अलीकडे काहीच घडत नाही आणि पलीकडे गेलं की हिसका आणि सामसूम.

वन्सं रोज सकाळी कामावर जायच्या आधी तासभर यायच्या. चष्म्याची दोरी मानेत, पायात सपाट बूट, सीट पुढे ओढलेली. अंगण चाळीस पावलांचं. पहिले तीन दिवस एक ड्रायव्हिंग शिकवणारे गृहस्थ बोलावले होते. त्यांनी वन्संना ताई ताई करून शिकवायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी अहो बाई म्हणायला लागले. तिसऱ्या दिवशी, "अंगणाला उतार आहे, इथे कुणीही शिकणार नाही," असं मला सांगून गेले ते गेलेच. नाचता येईना अंगण वाकडं. पण नाचायचं होतं कुणाला, आणि सबब सांगत होतं कोण!

चुका मात्र चमत्कारिक होत्या. वन्सं क्लच छान हळूच सोडायच्या, गाडी जरा सरकायची, आणि सरकली रे सरकली की त्यांचा डावा पाय परत दाबला जायचा. इंजिन नुसतं बोंबलायचं, गाडी जागच्या जागी. कधी पाय अर्ध्यावर धरून ठेवायच्या, थरथरत, एकेक वीत गाडी पुढे नेत, आणि मग जळका वास सुटायचा. तो वास वर गेला की ठोक्यांबरोबर आवाजही यायला लागला. "पाय काढ! प्लेट जाळतेयस!" मग थोड्या वेळाने, "अगं, दाबतेस काय अशी!" स्वतः पलंगावर पडून हे उंटावरून शेळ्या हाकत होते. पण खरं सांगते, मला तेव्हा बरं वाटलं. दोन महिन्यांत ह्यांनी कुणावर आवाज चढवला नव्हता.

सगळ्यात वाईट म्हणजे घाबरल्यावर काय व्हायचं ते. माणूस घाबरला की थांबायला बघतो. वन्सं थांबायचं म्हणून दोन्ही पाय उचलायच्या. ब्रेकवर पाय जायला हवा, क्लचवर जायला हवा, तर वन्संचे दोन्ही पाय हवेत! आणि क्लच एकदम सुटला की गाडी पुढे उडी मारायची.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी तेच झालं. समोरून मांजर आडवं गेलं, वन्संनी पाय उचलले, आणि गाडी जाऊन फाटकाच्या खांबावर आदळली. उजवा दिवा फुटला. वन्संच्या कपाळाला टेंगूळ आलं. त्या उतरल्या, काचा गोळा करायला वाकल्या, आणि मी, मला कपाळ आधी दिसायला हवं होतं, ते दिसलं नाही. मला पुढचे दोन आठवडे दिसले, आणि वर पडलेलं ते लोंबतं पाऊल दिसलं.

"मोडा," मी म्हटलं. "गाडी मोडा, म्हणजे ह्यांना कायमचं पडून राहायला कारण मिळेल. ह्यांना तेच हवंय. तुम्ही दोघं बहीणभाऊ मिळून एकदाच काय ते संपवा, मी सुटेन."

बोलले आणि जीभ चावली. पण सुटलेला शब्द परत थोडाच येतो. वन्संनी काचा कागदात गुंडाळल्या, कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि कामावर गेल्या. रात्री जेवायला आल्या नाहीत.

सकाळीही आल्या नाहीत, आणि बघते तर त्यांचा चष्मा फाटकाच्या खांबाशी, दोरी तुटून पडलेला. सबब मिळाली. दुपारी दुकानातून सुट्टी घेऊन मी कारखान्यात गेले. इतक्या वर्षांत मी तिथे दोनदा गेले असेन, तेही फाटकापर्यंत. लांबच लांब खोली, वर पांढऱ्या नळ्यांचा उजेड, दोन रांगांत मशीनं, आणि सगळीकडे चामड्याचा आणि डिंकाचा वास. वन्सं मान खाली घालून शिवत होत्या, जुना चष्मा नाकावर. मी मागे उभी राहिले. हाक मारली तर टाका चुकेल म्हणून थांबले, आणि थांबल्यावर नजर खाली गेली.

त्या मशीनची मोटार सारखी चालूच असते. खाली पायाशी रुंद पॅडल. वन्संचा डावा पाय त्याच्यावर. पाय दाबला की मोटार मशीनला पकडते आणि सुई धावते. पाय उचलला की सुई उभी. कोपऱ्यावर आल्यावर वन्संनी पाय अर्धा दाबून धरला, आणि सुई एकेक टाका घालत गेली, टक, टक, टक, एकही टाका लहानमोठा नाही. मी बघतच राहिले. दाबला की चालू. सोडला की बंद. अर्धा धरला की हळूहळू. एकतीस वर्षं, रोज आठ तास, ह्याच डाव्या पायाने.

"वन्सं!" मी ओरडलेच. शेजारच्या दोघींची मशीनं थांबली. "तुमचा पाय बरोबर आहे हो! गाडी उलटी आहे!"

वन्संनी आधी कापड सोडवलं, मग मान वळवली. मी हातवारे करून सगळं सांगितलं. त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं, एकदा दाबला, एकदा उचलला.

"असं आहे होय," म्हणाल्या. मग जरा वेळाने, "कळलं मला. पण ह्याला कोण सांगणार, वहिनी?"

ते मात्र खरं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, आणि इथे खोड माणसाची नव्हती, नुसत्या पायाची होती. डोक्याला समजावता येतं, पायाला कसं समजावणार? कालच्या बोलण्याबद्दल मी काही म्हणायच्या आधीच त्या म्हणाल्या, "संध्याकाळी येते जेवायला." कपाळावरचं टेंगूळ निळं झालं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी सगळा राग ह्यांच्यावर काढला. उशी नीट करता करता सांगितलं, ती बिचारी एकतीस वर्षं दाबून चालवतेय, तुमची सवत सोडून चालते, आता त्या पायाने करायचं काय? ह्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गाडी चार वेळा बंद पडली आणि वर एकही ठोका पडला नाही. मला वाटलं, चला, हेही संपलं.

संध्याकाळी वन्सं जेवायला बसल्या आणि वरून काठी वाजली. मी गेले. हे उशीला टेकून बसले होते, स्वतःहून.

"तिला सांग," म्हणाले, "क्लच म्हणजे पॅडल नाही. क्लच म्हणजे गुडघा."

"काय?"

"एवढंच सांग. तिला कळेल."

मी खाली येऊन जसंच्या तसं सांगितलं, पोपटासारखं. वन्संचा घास हातात राहिला. मग टेबलाखाली त्यांचा उजवा गुडघा बाहेरच्या बाजूला सरकला, आणि हळूहळू, अगदी हळूहळू, परत जागेवर आला. परत सरकला, परत आला.

मग मला समजावून सांगितलं. इतकं सलग त्या माझ्याशी कधीच बोलल्या नव्हत्या. मशीनच्या टेबलाखाली गुडघ्याशी एक दांडा असतो. गुडघ्याने तो रेटला की सुईजवळचा चाप वर उचलला जातो आणि चामडं मोकळं होतं, हवं तसं वळवता येतं. गुडघा परत आणला की चाप खाली येतो आणि चामड्याला धरतो. रेटला की सुटतं, सोडलं की धरतं. आणि तो चाप धाडकन सोडायचा नाही, चामड्यावर वळ उठतो, आणि चामड्यावरचा वळ काही केल्या जात नाही. हात ठेवल्यासारखा अलगद टेकवायचा. वन्सं हेही एकतीस वर्षं करत होत्या, पण उजव्या गुडघ्याने. त्यांचा जुना दांडा मोडला तेव्हा नवीन ह्यांनीच लेथवर घडवून दिला होता, म्हणून ह्यांना ठाऊक.

मला एकच प्रश्न पडला. ह्यांनी सांगितलं कशाला? वन्संना जमलं नसतं तर हे जिंकले असते, घरात पडून राहायला मोकळे. तोंड बंद ठेवलं असतं की झालं. पण खाली प्लेट जळत होती, आणि बहिणीचं कपाळ सुजलं होतं. यातल्या कशासाठी सांगितलं ते मी अजून विचारलेलं नाही. काही गोष्टी माझ्याच्यानेसुद्धा विचारवत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं गाडीत बसल्या, क्लच दाबला आणि मोठ्याने म्हणाल्या, "चाप वर." मग सोडता सोडता, "टेकव... टेकव..." गाडी हलली. पाय परत दाबला गेला नाही. चाळीस पावलं जाऊन फाटकाशी थांबली, तीही इंजिन बंद न पडता. चाप वर, मागे. चाप वर, पुढे. बावन्न वर्षांची बाई स्वतःशी बडबडत अंगणात येरझाऱ्या घालतेय, बघणाऱ्याने काय म्हटलं असतं! मी जिन्यात बसून हसत होते आणि पदराने डोळे पुसत होते.

सगळं एका दिवसात जमलं असं मात्र नाही. घाई झाली की पाय उचलले जायचेच. चढावर गाडी मागे घसरायची. चौथ्या आठवड्यात त्या रस्त्यावर जायला लागल्या, आणि केंद्राच्या वाटेवर एक चढ होता, त्याच्या डोक्यावर सिग्नल. रोज पहाटे रहदारी नसताना तिथे जाऊन लाल दिव्याला थांबायच्या, हिरव्याला निघायच्या, पुन्हा वळून खाली, पुन्हा वर. गुडघा सुजला. माझ्या दुकानातून मलम आणून दिलं तर म्हणाल्या, "ह्याला काही नको, ह्याला जरा उसवायला हवंय." हा त्यांचा विनोद. वर्षाकाठी एक करायच्या.

आणि एक केलं त्यांनी. शेजारच्या सीटवर टणक गादी शिवून बसवली, म्हणजे ह्यांना फार खोल वाकावं लागू नये. आणि दाराच्या वर चामड्याचा दुहेरी पट्टा शिवला, उजव्या हाताने धरून स्वतःच्या बळावर बसायला-उठायला. कुणाचा हात नको होता ना? नसू दे.

एक तारखेला सकाळी हे म्हणाले, "आज नको. छातीत धडधडतंय."

मी नाडी बघितली. धडधडत होतं, खोटं नव्हतं. पण माझ्याही छातीत धडधडत होतं, आणि मी पहाटे चारपासून उठून बसले होते. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात खाली वन्संनी गाडी सुरू केली. त्यांनी हाक मारली नाही, हॉर्न वाजवला नाही. गाडी नुसती खाली चालू राहिली. हे ऐकत राहिले. पाच मिनिटं झाली असतील.

"किती वेळ उभी ठेवणार आहे ती?" हे म्हणाले.

"मला काय माहीत. तुमची बहीण. संध्याकाळपर्यंत ठेवेल."

ह्यांनी काठी घेतली. जिना बसत बसत उतरले, एकेका पायरीवर, वीस मिनिटं लागली. मी पुढे होते, पण हात लावला नाही. पट्टा धरला, गादीवर टेकले, डावा पाय स्वतःच्या हाताने उचलून आत घेतला. वन्संनी "चाप वर" म्हटलं नाही त्या दिवशी, निदान मला ऐकू आलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली ती एकही हिसका न खाता. दोनच सीटांची गाडी, त्यामुळे मी बसने.

बस चाळीस मिनिटांनी पोचली. मी उतरले तर हिरवी गाडी केंद्राच्या दारात उभी, इंजिन बंद, आणि दोघंही आतच. घड्याळात बघितलं, वेळ उलटून दहा मिनिटं झाली होती.  एवढं सगळं केलं आणि शेवटी मुसळ केरात! दारापर्यंत येऊन हा माणूस आत जायला तयार नाही! मी धावतच गेले, ह्यांच्या बाजूच्या खिडकीत डोकं घातलं आणि तोंड उघडलं.

वन्संनी बोट ओठांवर ठेवलं. मग मला खाली बघायची खूण केली आणि क्लच दाबला.

ह्यांच्या बाजूला खाली काहीच नाही, नुसता पत्रा. त्या पत्र्यावर ह्यांचं डावं पाऊल होतं. वन्संचा पाय दाबला गेला आणि ते पाऊल पुढे दाबलं गेलं. जेमतेम. करंगळीच्या पेराएवढं. बुटाचं टोक पत्र्याला टेकलं आणि मागे आलं.

"चढावरच्या सिग्नलपासून चाललंय," वन्सं हळूच म्हणाल्या. "मी दाबला की ह्याचा दाबला जातो."

"मी दाबत नाहीये," हे म्हणाले. मान खाली, डोळे पावलावर. आवाज इतका बारीक की ओळखू येईना. "मी दाबायला गेलो तर होत नाही. ती दाबते तेव्हा होतं." मग बहिणीला म्हणाले, "परत दाब."

वन्संनी परत दाबला.

केंद्राचं दार उघडून व्यायामाच्या बाई बाहेर आल्या. आमची वेळ गेल्याचं सांगायला आल्या असणार. तीन महिने ह्यांनी कुणाला पायावरची चादर काढू दिली नव्हती, डॉक्टरला नाही, मला नाही. आता ह्यांनीच बाईंना हात केला. "इकडे या," म्हणाले, "बघा जरा." बाई गाडीच्या दाराशी गुडघ्यांवर बसल्या, ह्यांच्या बुटावर तळवा ठेवला आणि वन्संकडे बघून मान हलवली. वन्संनी दाबला. बाईंनी तळवा काढला नाही.

"हं," म्हणाल्या. "आहे. थोडं आहे, पण आहे. आत चला, काम खूप आहे."

मी भर रस्त्यात मोठ्याने रडायला लागले. माणसं बघत होती, बघू देत.  वन्सं गाडीतून उतरल्या, लंगडत वळसा घालून ह्यांच्या दाराशी आल्या आणि पट्टा ह्यांच्या हातात दिला.

"उतर दादा," म्हणाल्या. "उशीर झालाय."